शिंगे विरुद्ध शिंगे

राज्यं तलवारीच्या जोरावर उभी राहतात आणि लेखणीच्या जोरावर टिकतात. १९९८ साली राजारामपुरीतल्या एका सरकारी कार्यालयापुरतं राज्य धम्मपाल शिंगे यांच्या लेखणीवर टिकून होतं, आणि त्या लेखणीचं टोपण हरवलेलं होतं.

शिंगे आस्थापना लिपिक. सगळ्यांच्या रजा-बदल्यांचे कागद त्यांच्याकडे. शेजारचे दोघे निवृत्त झाले. शासनानं त्यांच्या जागा भरल्या नाहीत, टेबलं मात्र शिंगेंकडे सरकवली. तीन टेबलांना एक माणूस दोन वर्षं पुरवला की त्याचं जे व्हायचं तेच शिंगेंचं झालं. झोप उडाली. घरी बायकोनं, निशानं, विचारलं, "आमटी कशी झालीया?" तर म्हणाले, "वरिष्ठांच्या अभिप्रायास्तव ठेवा." लेकीच्या, श्रुतीच्या, प्रगतिपुस्तकावर सही करून त्यांनी खाली लिहिलं, "त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे." गणितात त्रुटी होत्याच म्हणा.

त्या सोमवारी डबा हातात देताना निशानं बजावलं, "आज रजेबिगर आलासा तर उद्या मीच येऊन तुमच्या मॅडमना भेटती बघा!"

शिंगेंनी अर्ज लिहायला घेतला आणि रजेच्या कारणापाशी अडले. इतरांची कारणं त्यांना पाठ होती. शिपाई आकारामची आजी त्यांच्या फायलीत चारदा वारली होती आणि चारही वेळा त्यांनी गंभीर चेहऱ्यानं नोंद घेतली होती. पण स्वतः खोटं लिहायचं जिवावर आलं. त्यांनी लिहिलं, "आठ दिवस झोपायचे आहे." आणि अर्ज आजच्या अर्जांच्या गठ्ठ्यात ठेवला.

दुपारी डोळे मिटत होते, हात चालू होता. एकेका अर्जावर शेरा पडला, गठ्ठा मॅडमकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज परत आला. शेरा होता : "अर्जदाराकडे तीन टेबलांचा कार्यभार. पर्यायी व्यवस्था नाही. सबब रजा नामंजूर करावी." खाली मॅडमची सही.

"कुठल्या गाढवानं लिवलं हे?" शिंगे कडाडले.

आकारामनं मान वाकडी करून कागद बघितला. "अक्षर वळणदार हाय, भाऊसाहेब. तुमचंच की!"

शिंगे तडक केबिनमध्ये शिरले. निशिगंधा मॅडम सहा महिन्यांपूर्वी बदलून आल्या होत्या. त्यांचे दात अजून कुणी पाहिले नव्हते.

"मॅडम, तक्रार आहे."

"कुणाविरुद्ध?"

"आस्थापना लिपिक शिंगे."

मॅडमनी चष्मा काढला. "त्यांच्याशी बोलून पाहिलंत?"

"ऐकत न्हाईत."

"मग लेखी खुलासा घ्या त्यांचा."

शिंगे बाहेर गेले आणि पाच मिनिटांत खुलासा घेऊन आले. "झोप अनावर झाल्याने सदर अर्ज न वाचता नामंजूर केला. चूक मान्य. शिंगे."

मॅडमनी वाचलं. परत वाचलं. आधी खांदे हलले, मग त्या अशा खदखदून हसल्या की बाहेरचा टाइपरायटर थांबला.

"तक्रारदाराला झोप पाहिजे आणि आरोपीला झोप नाही. दोघांनाही आठ-आठ दिवस रजा मंजूर."

"म्हणजे सोळा?" शिंगेंमधला लिपिक जागा झाला.

"एकाच वेळी घ्या!"

दारात गर्दी जमली होती. मॅडम उभ्या राहिल्या. "नीट ऐका. सरकार कुणा एकट्याच्या जिवावर चालत नाही. आजपासून ही टेबलं सगळ्यांत वाटून घ्यायची. एक मी घेते."

आकारामनं सगळ्यात आधी टाळी वाजवली.

शिंगेंनी न उघडलेला डबा लुनाला अडकवला. कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी तळणं चालू होतं. हा गाडा दोन वर्षं इथंच होता, वास आज आला. निशासाठी पावशेर घ्यावीत, असं मनात येतंय तोवर मागनं हाक आली.

"भाऊसाहेब! ओ भाऊसाहेब, थांबा!"

आकाराम धापा टाकत येत होता. शिंगेंनी ओळखलं : रजा गेली.

"मॅडम म्हणत्यात," आकाराम म्हणाला, "तुमच्या रजेवर सही कराय सरकारी पेन उमटंना. तुमचं तेवढं ठेवून जावा की."