खडूची हाऊसबोट

मला कुणी आळशी म्हटलं तर मी भांडेन. आळशी माणूस काही करत नाही म्हणून त्याचं काही होत नाही. मी सहा वर्षं दर रविवारी घाम गाळला आणि तरीही काही झालं नाही. याला मेहनत लागते.

आम्ही शाळेपासूनचे चार मित्र. लंबू सुतार आहे. त्याची उंची सव्वासहा फूट, आणि नाव ठेवताना आमच्या कल्पनाशक्तीने फारसे कष्ट घेतले नाहीत. दातवाला हा दातांचा डॉक्टर. तिसरा पेंग्या, पोस्टातून मुदतीआधीच निवृत्ती घेतलेला. तो कुठेही, कधीही, कशावरही झोपतो. एकदा तो दातवाल्याच्या खुर्चीत दाढ काढता काढता झोपला होता. आणि चौथा मी, मोठ्या शाळेचं वेळापत्रक करणारा मास्तर. बेचाळीस शिक्षक, एकतीस वर्ग, सत्तावीस वर्षं. मी आखल्याशिवाय त्या शाळेत घंटासुद्धा वाजत नाही, निदान माझी तशी समजूत आहे.

हाऊसबोटीची कल्पना लंबूची. पाच तासांवर नदी आहे, तिथे राहायच्या बोटी मिळतात. चार खाटा, छोटं स्वयंपाकघर, पुढे बसायला मोकळी जागा, सोबत एक बोटवाला. चार दिवस चौघांनी नदीवर पडून राहायचं. "बास, एवढंच," लंबू म्हणाला होता.

एवढंच! असली वाक्यं ऐकली की माझ्या अंगावर काटा येतो. मी दुसऱ्याच दिवशी एक निळी फाइल आणली आणि तिच्यावर वळणदार अक्षरात 'नदी' असं लिहिलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी लंबूच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशात स्टुलं मांडून आमची बैठक भरायची. मी बोलायचो, लंबू रंधा मारायचा, दातवाला मान डोलवायचा, पेंग्या झोपायचा.

फाइलमध्ये दोनशे चौदा वस्तूंची यादी झाली. क्रमांक सत्याऐंशी, शिट्ट्या, प्रत्येकी एक. एक शिट्टी म्हणजे मदत हवी, दोन म्हणजे जेवण तयार. क्रमांक एकशे नऊ, ताडपत्री. तिचा रंग ठरत नव्हता. क्रमांक अठ्ठेचाळीस, माझा निळा स्वेटर, कारण नदीवर पहाटे गारठा असतो. हा स्वेटर गेली दोन वर्षं सापडत नव्हता आणि त्याच्यापायीही घोडं अडलं होतं. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "असेल हो घरातच." घरात असता तर मला सापडला नसता का?

घोरण्याचीही मी परीक्षा घेतली होती. कोणाची खाट कोणाजवळ ठेवायची ते शास्त्रशुद्ध ठरवायला नको? एका दुपारी तिघांना कारखान्यात सतरंजीवर झोपवलं आणि घड्याळ घेऊन मध्ये बसलो. पेंग्या तर मी नियम वाचून दाखवत असतानाच झोपला. निकाल लिहायच्या आधी माझाही डोळा लागला, आणि नंतर तिघांनी एकमुखाने सांगितलं की पहिला नंबर माझाच.

ही मंडळी माझी थट्टासुद्धा करायची. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी संध्याकाळी लंबूचा फोन आला. त्याचा फोनवरचा आवाज घरभर ऐकू येतो. "बोट मिळालीय. उद्या सकाळी सातची बस. येतोस का?" मी काय कच्च्या गुरूचा चेला आहे? मी ओळखलं. मी त्याला वीस मिनिटं सुनावलं, की अजून ताडपत्री ठरलेली नाही, शिट्ट्या आणलेल्या नाहीत, वाऱ्याच्या दिशेचा तक्ता अपुरा आहे, आणि असल्या गोष्टींवर विनोद करू नयेत. तो नुसतं "बरं" म्हणाला. फोन ठेवून वळतो तर बायको माझी बॅग भरून तयार! बाईमाणूस भाबडं असतं. "अगं, थट्टा करतायत ते," मी म्हटलं. "रिकामी कर ती." पुढे हा किस्सा मी तीन लग्नांत रंगवून सांगितला. हसलेही लोक. बायको मात्र एकदाही हसली नाही. तिला विनोद कळत नाहीत असं मी तेव्हा म्हणायचो.

तर असं सगळं छान चाललं होतं. मग गेल्या महिन्यात लंबूने रंधा खाली ठेवला आणि सांगितलं की तो कारखाना विकून मुलीकडे राहायला जातोय. परदेशात, कायमचा. "गुडघे गेले रे," तो म्हणाला. "आता परत येणं काही होईल असं वाटत नाही." नदी आता नाहीतर कधीच नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. सहा वर्षं बोटीच्या गप्पा मारणारा हा माणूस बोट न बघताच जाणार, आणि ते माझ्या ताडपत्रीमुळे!

यावर मी काय केलं असेल? दुसऱ्या कोणी तिकिटं काढली असती. मी रंगीत तालीम ठरवली.

त्याला कारण होतं. पुढच्या शनिवारपर्यंत लंबूने सगळी यंत्रं देऊन टाकली. रविवारी मी आत पाऊल टाकलं तर लांबच लांब मोकळी फरशी, झाडून स्वच्छ केलेली. लंबू एका खोक्यावर उदास बसला होता. मला मात्र त्या फरशीवर बोट दिसली. पूर्ण मापाची बोट! तिची मापं फाइलमध्ये होती, मालकाने पाठवलेल्या छापील पत्रकावरून उतरवलेली. मी लंबूचा खडू आणि टेप घेतला आणि तासभर गुडघ्यांवर रांगत बोट आखली. चार खाटा, दार, स्वयंपाकघर, चढायची फळी. बाहेर नदी म्हणून नागमोडी रेघा काढल्या. वय वर्षं सत्तावन्न. शाळेतल्या पोरांनी बघितलं असतं तर राजीनामाच द्यावा लागला असता.

"चला, चढा," मी हुकूम सोडला. "सामान हातात आहे असं समजा. रांगेने."

आधी दातवाला चढला, मग पेंग्या. पेंग्याने आपली खाट गाठली आणि आडवा झाला. शेवटी लंबू आला. फळीवरून चढला, खाटांच्या मधून सरळ चालत गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येताच त्याने मान खाली घातली, कमरेत वाकला आणि वाकूनच आत शिरला.

दार म्हणजे फरशीवरच्या दोन रेघा होत्या.

"वाकतोस कशाला?" मी खेकसलो. "दार साडेसहा फुटी आहे. पत्रकात छापलंय."

"अरे, वर आडवी फळी ठोकलीय ना," लंबू आपल्याच तंद्रीत म्हणाला. "दोनदा आपटलंय डोकं."

कारखान्यात एकदम शांतता झाली. पेंग्यासुद्धा जागा झाला, यावरून कल्पना करा.

"कसली फळी?" मी फाइल उघडली. फाइलमध्ये फळी नव्हती. सहा वर्षांत मी त्या बोटीबद्दल मिळेल ते सगळं उतरवून घेतलं होतं आणि आडवी फळी त्यात कुठेही नव्हती. मी लंबूकडे बघितलं. तो खडूच्या स्वयंपाकघरात अजून वाकलेलाच उभा होता.

दातवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. रोग्याला वाईट बातमी सांगायची असली की तो हेच करतो.

"आम्ही जाऊन आलो," तो म्हणाला.

"कधी?"

"त्या बुधवारी. तुला फोन केला होता ना याने."

मला तो मंगळवार आठवला. माझी ती वीस मिनिटं आठवली. त्यानंतरच्या रविवारी तिघंही रापलेले दिसले होते, आणि मी त्यांना उन्हात टोपी घालण्याचं महत्त्व समजावून सांगितलं होतं, तेही आठवलं.

"मग सांगितलं का नाही?"

"त्याच रविवारी सांगणार होतो. तर तू वाऱ्याचा नवा तक्ता घेऊन आलास. इतका खूश होतास! म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू." त्याने चष्मा परत लावला. "असे शंभर रविवार गेले."

"स्टँडवर आम्ही दोन बस सोडल्या," लंबू म्हणाला. "मला वाटलं, चिडलाय, पण येईल. बोलेल, ओरडेल, पण येईल. तुझी खिडकीजवळची खाट होती. तिच्यावर मी यांना बॅगासुद्धा ठेवू दिल्या नाहीत."

मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी आला, कारण त्याची सवय आहे. म्हणजे सहा वर्षं बैठका घेणारा मी, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं हे लोक बघून आलेल्या बोटीची मापं माझ्याकडून ऐकत बसले होते! तीन लग्नांत तो किस्सा सांगताना हे तिघंही समोर उभे होते आणि मूग गिळून हसत होते. गाढव कोण, हे त्या सगळ्या मांडवाला माहीत नसेल, पण या तिघांना नक्की माहीत होतं. मी फाइल काखेत मारली आणि तरातरा निघालो.

"अरे, थांब!" पेंग्या ओरडला. "बुडशील!"

मी खाली बघितलं. दार सोडून, भिंत ओलांडून मी थेट नदीत उतरलो होतो. नागमोडी रेघा माझ्या पावलांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होत्या.

"पोहता येतं का त्याला?" दातवाल्याने गंभीरपणे विचारलं.

"शिट्टी वाजव," लंबू म्हणाला. "एक म्हणजे मदत."

मला हसू फुटलं. मला ते नको होतं, पण फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं होतं हे त्यांनी विचारलं नाही. लंबू गुडघे सावरत काठापर्यंत आला. त्याने हात पुढे केला.

"बोट सांगून ठेवलीय," तो म्हणाला. "चौघांसाठी. जायच्या आधी तुला एकदा विचारणार होतोच. उद्या सकाळी सातची बस. येतोस का?"

'ताडपत्री' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. देवाशपथ आला होता. मी तो गिळला.

"येतो," मी म्हटलं आणि त्याचा हात धरून बोटीत चढलो.

घरी आलो ते ओरडतच. "अगं, उद्या सातला निघायचंय! कपडे काढ, बॅग शोध, माझा तो स्वेटर…"

बायकोने पलंगाखालून बॅग ओढली. तिच्यावर धुळीचा थर होता. तिने फडक्याने पुसली आणि चेन उघडली. चार शर्ट, दोन पँटी, दाढीचं सामान, टॉवेल आणि सगळ्यांत वर घडी घातलेला निळा स्वेटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"तू ती रिकामी केली नाहीस?"

"नाही."

"मी तुला सांगितलं होतं."

"तुम्ही पुष्कळ सांगता," ती म्हणाली. "त्या दिवशी ते भावजी थट्टा करत नव्हते. आवाजावरून कळत होतं. म्हटलं, असू दे भरलेली. एखाद्या दिवशी जातीलही."

मी पलंगावर बसून राहिलो. दोन वर्षं मी त्या बॅगेच्या वर झोपत होतो. माणसाने स्वतःला हुशार समजावं, पण किती? शेवटी उठून त्यातली पँट घालून बघितली. बटण लागलं नाही. मग मात्र ती हसली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच मी स्टँडवर होतो. फाइल मुद्दाम घरी ठेवली होती. सातची बस आली. तिघांपैकी एकाचाही पत्ता नाही. कंडक्टरने विचारलं, "काका, येताय का?" मी म्हटलं, "माझे मित्र यायचेत." बस गेली. साडेसातची आली. मी फोन करायला गेलो तर माझा फोन दाढीच्या सामानात, आणि दाढीचं सामान बॅगेच्या तळाशी. शोधेपर्यंत तीही गेली. बाकड्यावर बसून मी रस्त्याच्या वळणाकडे बघत राहिलो. येतील, येतील असं म्हणत. दोन बस सोडणं ही काय गोष्ट असते, ते मला त्या बाकड्यावर कळलं.

आठ वाजायला पाच मिनिटं असताना तिघं धापा टाकत आले. लंबू पुढे, लंगडत.

"होतास कुठे?" तो माझ्यावरच ओरडला. "तासभर तुझ्या घरी बसलोय! तू येणार नाहीस म्हणून उचलून आणायला गेलो होतो!"

"वहिनी सांगत होत्या, केव्हाच गेले म्हणून," दातवाला म्हणाला. "आमचा विश्वासच बसेना. पलंगाखालीसुद्धा बघितलं."

आठच्या बसमध्ये चौघांना एका बाकावर जागा मिळाली, शेवटच्या. पेंग्याने पिशवीतून निळी फाइल काढली. "वहिनींनी दिलीय. म्हणाल्या, विसरलेत."

मी ती घेतली नाही. बस सुरू झाली. पेंग्याने फाइल खिडकीला टेकवली, तिच्यावर डोकं ठेवलं आणि गाव संपायच्या आत झोपला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या फाइलचा कोणालातरी उपयोग झाला.