पडून असलेल्याला किती लागतं

ॲनिशाने टेपचं एक टोक जयवंतीच्या टाचेखाली धरलं आणि दुसरं गुडघ्यावर नेलं.

"उंची कशाला? आई उभीच राहत नाही," जितेश म्हणाला.

"म्हणूनच गुडघ्यावरून काढायची."

खुब्याचं हाड मोडून जयवंती पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती. पडून पडून पाठीला झालेली जखम काही भरेना, म्हणून डॉक्टरांनी या आहारतज्ज्ञ मुलीला चांदीप गावी, घरी पाठवलं होतं. तिने दंडाचा घेर घेतला, वजन विचारलं, मोबाइलवर आकडे टाकले.

"साधारण साडेआठशे कॅलरी. त्याही नुसतं पडून राहायला. श्वास, काळीज, अंगातली ऊब, झोपेतही चालूच असतं ना सगळं. जखम भरायची तर त्याच्यावर आणखी. आता खातात किती?"

जितेशने पंख्याकडे पाहिलं. पडून असलेल्याला असं किती लागतं, म्हणत त्यानेच आईची दुसरी भाकरी बंद केली होती, मग रात्रीचं दूध. बायको कामावर गेली की घरूनच नोकरी करणाऱ्या जितेशवर आईचं सगळं येऊन पडे. पोटात कमी गेलं की डायपर कमी बदलावे लागतात, हा हिशेब त्याला कुणी शिकवावा लागला नव्हता. गावात मात्र तो श्रावणबाळ म्हणून मिरवत होता.

"मलाच भूक नसते गो बाय," जयवंती म्हणाली. "पोरगा रोज मागं लागतो, जेव जेव करतो. मीच हट्टी."

"असं नाही चालायचं हां, मावशी," ॲनिशा हसून म्हणाली.

जितेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "चहा घेणार?"

दुपारी त्याने तांदळाच्या दोन भाकऱ्या वाढल्या. वालाची भाजी, दुधाचा पेला काठोकाठ. पाठीशी उशी लावून आईला टेकवून बसवलं. तिने ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे.

"गेली का रं ती बाय?"

"कधीच गेली."

"मंग ही ठेव परत." जयवंतीने वरची भाकरी उचलून त्याच्यापुढे धरली. "आता बघाला कोन नाय."