अपडेटनंतर शांताबाई

रविवारी आमच्या क्षमानं माह्या फोनवर अपडेट का काय ते दाबलं, आन् सोमवारपासून फोनले ताप भरला.

खोटं नाही सांगत. सोमवारी सकाळी शंभर टक्के भरलेला फोन अकरा वाजेपर्यंत तीसवर येऊन बसला. हातात धरला तं तव्यावरून काढलेल्या पोळीसारखा गरम. एक फोटो उघडाचा म्हटलं तं गोल चकरी फिरत राहे, आन् फोटो दिसते न दिसते तोच पडदा काळा. क्षमाले विचारलं तं म्हणते, "मम्मी, नया सॉफ्टवेयर है, थोड़ा टाइम दो." पोट्टी रायपुरात जन्मली, रायपुरातच शिकली, आता समता कॉलोनीतल्या लॅबमंदी रक्त तपासते. मराठी सगळी समजते, पण उत्तर देईल ते हिंदीतच. "टाइमच तं नाही ना माय!" मी ओरडली आन् फोन आपटला. म्हणजे ठेवला. आपटाची सोय राहिली आहे का आजकाल?

टाइम नव्हता, कारण शांताबाईचं वर्षश्राद्ध अकरा दिवसांवर आलं होतं, आन् पाटावर ठेवाले तिचा एक फोटो आमच्याजवळ नव्हता.

शांताबाई म्हणजे माही नणंद, यशवंतरावांची लहान बहीण. वर्ध्याले दिली होती. आठ महिन्यांत नवऱ्यानं गाडीत बसवून इकडे पाठवली, आन् घ्यायले कधी आलाच नाही. तवा मी नवीन नवरी, रेल्वेचं दोन खोल्यांचं क्वार्टर. एक पेटी घेऊन आली ती, आन् एकेचाळीस वर्षं राहिली. क्षमाले तिनं वाढवलं. माह्या सासूचं दुखणं तिनं काढलं. माह्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तं मले उचलून बसवे ती. मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी चहाचं आधण ठेवलं, "जरा पडते वहिनी" म्हणाली, आन् गेली.

तेरवीले आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा धुरकट, पकडून आणलेल्या चोरासारखी दिसे बिचारी. यशवंतरावांनी तो उलटा करून ठेवला आन् नुसता दिवा लावला. तवा वर्ध्याची माही चुलत जाऊ हळूच कोणाले तरी म्हणाली, "एवढी वर्षं राबली यांच्या घरी, एक फोटो नाही?" हळूच म्हणाली, पण मी ऐकलं. जिवाले लागलं माह्या.

आन् काहून नाही फोटो? तेही सांगते, लपवून काय करू. फोटो काढाचा म्हटलं का ती उठून स्वयंपाकघरात जाये. "माहा कायले?" म्हणे. आन् नाही गेली तं मीच म्हणत होती, "शांताबाई, जरा बाजूले व्हा, फोटोत येऊन राहिल्या." एकदा नाही, किती वेळा म्हटलं असंल. दर वेळेस बाजूले झाली ती. आता हे माहंच बोलणं मले घासाघासाले आठवे.

फोनमंदी नऊ हजार फोटो. आमच्या लग्नाले चाळीस वर्षं झाली तवा क्षमानं जुने अल्बमही पान पान करून त्यात घेतले होते. म्हटलं, नऊ हजारांत एक तं असंल. रोज दुपारी चष्मा लावून मी एक एक फोटो पाहत होती. दोन हजार पाहून झाले होते, आन् मधातच हे अपडेट येऊन बसलं.

आता आमच्या यशवंतरावांबद्दल सांगते. हे रेल्वेत ट्रेन लायटिंगमंदी होते. डब्याखाली बॅटऱ्या असतात ना, ज्याच्यावर आतले दिवे-पंखे चालतात, त्या यांनी पस्तीस वर्षं सांभाळल्या. आमच्या घरी ॲसिडचं भोक नसलेली पँट नव्हती. बॅटरीच्या बाबतीत यांच्यासमोर कोणी बोलाचं नाही. यांचा कायदा एकच. चार्जिंगवरच्या बॅटरीजवळून हलाचं नाही, तळहात लावून पाहत राहाचं, आन् गरम लागली का काढाची.

मंग काय! मी फोन चार्जिंगले लावला का हे खुर्ची ओढून बाजूले हजर. दहा मिनिटांनी तळहात. "गरम आहे." ओढली वायर. थंड झाला का पुन्हा लावाचा, पुन्हा तळहात, पुन्हा वायर. दिवसातून पंधरा वेळा हा खेळ, आन् रात्री तं चार्जिंगले लावूच देत नव्हते. मी म्हटलं, "अहो, भरू तं द्या त्याले!"

"तुले बॅटरीतलं काय समजते?"

सहा दिवस असे गेले. फोन रोज तेवढाच गरम आन् तेवढाच मठ्ठ. फोटो मोजून चाळीसही पाहून झाले नाहीत. सातव्या दिवशी सकाळी यांनी निकाल दिला, "सेल गेला. चाल."

तात्यापाऱ्यात चिराग भैयाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. यशवंतरावांनी काउंटरवर फोन ठेवला आन् साहेबासारखा हुकूम सोडला, "फॉरमॅट मार दो." हा शब्द यांनी बागेतल्या मंडळीत ऐकला होता.

चिराग भैया म्हणाला, "अंकल, फॉरमॅट में सब उड़ जाएगा. फोटो का बैकअप है?"

"उड़ जाएगा म्हणजे?" मी काउंटरवरून फोन असा हिसकला का बाजूचे गिऱ्हाईक पाहतच राहिले. "खबरदार कोणी हात लावला तं!"

तो हसला. मंग चार्जिंगवर किती वेळ ठेवता, म्हणून विचारलं. मी सांगितलं, दहा मिनिट, मंग हे काढून घेतात. त्यानं कपाळालेच हात लावला. "आंटी, यही तो गड़बड़ है! अपडेट के बाद फोन अपने अंदर का काम नए सिरे से करता है. एक-एक फोटो देखता है, किसमें कौन है, छांटता है. ये काम वो चार्जिंग पे करता है, जब कोई छेड़े नहीं. आप लोग हर दस मिनट में उठा देते हो, बेचारा काम बीच में छोड़ देता है. गरम तो होगा ही, मेहनत कर रहा है. बैटरी एकदम बढ़िया है. बस एक बार लगा के छोड़ दो."

"कोण पाहते फोटो?" मी विचारलं.

"फोन, आंटी."

घरी येईपर्यंत यशवंतराव धुसफुसत होते. "पोट्टा मले बॅटरी शिकवून राहिला. मले!"

बारा वाजता मी फोनचं कव्हर काढलं, खिडकीजवळ स्टीलच्या ताटात तो ठेवला, वायर लावली आन् हाताची घडी घालून बसली. हे समोर बसले. दहा मिनिटं झाली तसा यांचा हात निघाला. मी मनगट धरलं.

"हात लावू नका."

"अवं, जळंल तो!"

"जळू द्या."

"जळू द्या कसं म्हणते?" हे एकदम ओरडले. आवाज फाटला यांचा. "शांती आहे ना त्यात! एखादा फोटो असंल तिचा, तोही जाईल, समजते का तुले?"

सहा दिवस मले वाटत होतं, हे जुन्या नोकरीचा तोरा मिरवून राहिले. आन् हा माणूस तळहात लावून बहिणीले जपत होता. वर्षभर तिचं नावही नाही काढलं यांनी माह्यासमोर. मी मनगट सोडलं नाही, पण पकड ढिली केली. मंग यांनीच माहा हात धरून ठेवला, आपला हात जाऊ नये म्हणून.

तसेच बसलो दोघं. आळीपाळीनं जेवलो. दोन वाजले, तीन वाजले. ताट गरम झालं होतं, ते मले बोटाले समजे, पण मी सांगितलं नाही. चार वाजता चहा ठेवाले उठली, तं मागून हे म्हणाले, "आनंदी, इकडे ये."

यांनी हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूनं फोनले लावला होता. "थंड आहे," म्हणाले. "आपोआप थंड झाला. शंभर टक्के." आन् ड्युटीवरून घरी आलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं हळूच म्हणाले, "काम झालं त्याचं."

मी फोटो उघडले. चकरी नाही, काही नाही, बोट लावलं आन् उघडले. आन् खाली एक रांग होती गोल गोल चेहऱ्यांची. पहिली क्षमा, मंग मी, मंग हे, मंग जावई. आन् पाचवी शांताबाई.

बाप्पा!

तिचा चेहरा गोलात, आन् त्याच्याखाली नाव नाही. नुसतं लिहिलं होतं, नाम जोड़ें. बोट लावलं तं आकडा आला, सहाशे चौदा.

सहाशे चौदा फोटो! क्षमाच्या बारशात पाळण्यामागं आत्याचा अर्धा चेहरा. डोंगरगडच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे हसून राहिलो, आन् कडेले ती, सगळ्यांच्या चपला पिशवीत घेऊन उभी. क्षमाच्या लग्नात मांडवाच्या खांबाआड. माह्या साठीच्या दिवशी आलमारीच्या आरशात, हातात परात. आन् सांगू? जे दोन हजार फोटो मी डोळ्यांत तेल घालून पाहिले होते, त्यातही ती होती. शंभराच्या वर फोटोंत होती. मले नाही दिसली. मी आपली मधात पाहत होती, आन् ती कडेले होती. या एवढ्याशा काचेच्या तुकड्यानं कडेपासून पाहिलं, सहा दिवस ताप काढला, आम्ही दर दहा मिनिटांनी काम हाणून पाडलं तरी पुन्हा पुन्हा सुरू केलं, आन् तिले शोधून आणलं.

मंग फोननं विचारलं. खरंच विचारलं. दोन गोल आले समोर. एकात पांढऱ्या केसांची शांताबाई. दुसऱ्यात दोन वेण्यांची एक पोट्टी, अठरा-एकोणीस वर्षांची, लांबट चेहरा, कोणाकडं तरी पाहून हसून राहिली. खाली प्रश्न होता, ये एक ही व्यक्ति है या अलग?

"हे कोण?" मी म्हटलं. त्या पोट्टीले मी ओळखलं नाही.

यशवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शांती," म्हणाले. "आपल्या लग्नातली. तिचं लग्न व्हायच्या आधीची." मंग फोनकडं बोट केलं. "याले कसं समजलं वं? माह्याशिवाय हे सांगणारं जगात कोणी राहिलं नाही."

माह्याच लग्नात ती होती, आन् मी पाहिली नव्हती.

यांनी बोटानं 'एक ही' दाबलं. मंग दसऱ्याले बॅटरी रूममंदी पूजेत जोडायचे तसे दोन्ही हात जोडले फोनले. मी हसली नाही. मीही जोडले.

संध्याकाळी क्षमा आली. तिघांनी बसून सहाशे चौदाच्या सहाशे चौदा फोटो पाहिले, बॅटरी हलली तं दहा टक्के हलली. पण एकाही फोटोत शांताबाई कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती. ती आमच्यातल्याच कोणाकडं तरी पाहून राहिली होती, आन् हातात काही ना काही, द्यायले. शेवटी क्षमाच्या नव्या घरच्या वास्तुशांतीतला फोटो निवडला. आम्ही सगळे सोफ्यावर, आन् ती कडेले उभी राहून मले चहाचा कप देऊन राहिली. चेहरा पूर्ण, खिडकीचा उजेड त्यावर, हसलेली.

"मम्मी, इसमें तो सब लोग हैं," क्षमा म्हणाली. "माला वाली फोटो में सब थोड़ी रहेंगे. क्रॉप करना पड़ेगा."

"मंग काप ना."

"किसको?"

"आम्हाले काप."

तिनं बोटानं फोटोची कड सरकवली. आधी जावई गेला, मंग ती स्वतः गेली, मंग यशवंतराव. मंग माही पाळी आली. "होते मी बाजूले," मी म्हटलं. "शांताबाई, तुम्ही राहा मधात." म्हटलं आन् मले रडूच फुटलं. पोरीसमोर कधी नाही रडली, पण त्या दिवशी पदर तोंडात घालून रडली.

जरा वेळानं क्षमा म्हणाली, "मम्मी, आपकी उंगलियां आ रही हैं. कप के साथ. इनको काटा तो आत्या का हाथ भी कट जाएगा."

"राहू दे."

वर्षश्राद्धाले फोटो पाटावर ठेवला, हार घातला. सगळे जवळ येऊन पाहत होते. शांताबाई मधात, उजेडात, हसून राहिलेली, आन् खालच्या कोपऱ्यात कपाले लागलेली चार बोटं. वर्ध्याच्या चुलत जावेनं वाकून पाहिलं आन् विचारलं, "हे बोटं कोणाचे वं?"

"माहे," मी म्हटलं. "एकेचाळीस वर्षं घेतच होती मी."