नृसिंहरावांचा संशय

मोबाईलवर कुणी पुस्तकाची पीडीएफ पाठवली, तर ती कुठून आली असं आपण कधी विचारतो का? फुकट मिळालं, वाचलं, पुढं पाठवलं. शिवाजी पेठेतल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल नृसिंहराव तर हे समाजसेवा म्हणून करत. नवं पुस्तक आलं की ते स्कॅन करून वाचकांच्या ग्रुपवर टाकायचं आणि खाली लिहायचं, 'वाचनालयाकडून सप्रेम भेट'.

त्यामुळं जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या बैठकीत फातिमा मॅडमनी कॉपीराइटवर कार्यशाळा घेऊ असं सुचवलं, तेव्हा नृसिंहरावांनी कान टवकारले. मॅडम एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. हॉल त्या ठरवणार, वक्ता त्याच आणणार. एवढी धडपड उगाच कोण करतं? त्यात त्यांनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कोणती पुस्तकं स्कॅन करता? नृसिंहरावांनी विषयच बदलला.

पुढच्या आठवड्यात मॅडम एका अनोळखी गृहस्थांना घेऊन वाचनालयात आल्या. तो माणूस फारसं बोलला नाही, कपाटातली पुस्तकं काढून चाळत राहिला. नृसिंहराव पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि दाराआडून बघत राहिले. हा नक्की प्रकाशकाचा माणूस. सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करायचं, कोण काय करतं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि मग नोटिसा!

पाहुणे जाताच त्यांनी चंदगडच्या ग्रंथपाल कालिंदीताईंना फोन लावला. "ताई, येऊ नका. सापळा हाय ह्यो." शाहूवाडीच्या ग्रंथपालांनाही कळवलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या लोकांनी कार्यशाळेतली नावं मागं घेतली.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच गृहस्थांसह पुन्हा आल्या. फोनांची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांनी विचारलं, "काका, माझ्यावर संशय कशापायी?"

"आधी हे पावणं कोण, ते सांगा की."

"मी अभिराम," ते गृहस्थ म्हणाले. "पेठेतल्या जुन्या फुटबॉलपटूंच्या आठवणींचं पुस्तक माझंच."

नृसिंहरावांना ते पुस्तक जवळजवळ पाठ होतं. त्यांनी घाईनं खुर्ची पुढं केली, आणि हात तिथंच थांबला. तेही पुस्तक त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं.

काल तुम्ही आतच राहिलात म्हणून बोलणं राहिलं, असं म्हणून अभिराम सांगू लागले. म्हाताऱ्या खेळाडूंच्या उशाशी बसून त्यांनी त्या आठवणी गोळा केल्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीत आणखी खेळाडू यायचे होते. पण पुस्तक ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आहे, विकत कोण घेणार, म्हणून प्रकाशकानं नकार दिला. फाईल खुद्द त्यांच्याकडंही आली होती, खालच्या 'सप्रेम भेट'सकट.

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?" नृसिंहरावांनी मॅडमना विचारलं.

"पहिल्यापासून. अडकवायचंच असतं तर कार्यशाळा कशाला घेतली असती? काका, कायदा कुणी आपल्याला सांगितलाच नाही, म्हणून त्याची भीती वाटते. तो नुसता अडवत नाही. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं, खुशाल वाटा. आपल्याकडचं जीर्ण पुस्तक जपायला स्कॅन करता येतं. पण ज्याचा हक्क शाबूत आहे, त्याला न विचारता वाटणं ही भेट नव्हे. दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपण परस्पर उचलून दिली की!"

"मी पुस्तकाच्या प्रेमापोटीच केलं हो," नृसिंहराव पुटपुटले.

"म्हणून तर रागावता येत न्हाय," अभिराम म्हणाले.

त्याच दिवशी नृसिंहरावांनी ग्रुपवरच्या फाईली काढून टाकल्या आणि सगळ्यांना पुन्हा फोन करून यायला सांगितलं. कालिंदीताईंना आता त्यांचाच संशय येऊ लागला. "काल एक सांगता, आज एक. कुणी दम दिला न्हाय न्हवं?"

कार्यशाळेला मंडळी आली खरी. पण दाराजवळच्या खुर्च्या आधी भरल्या. वक्त्यानं अडचणी विचारल्या, तर कुणी तोंड उघडेना. शेवटी नृसिंहराव उठले. आपण काय केलं आणि कुणाचं नुकसान झालं, ते त्यांनी काही न लपवता सांगितलं. दुसरी आवृत्ती निघाली तर प्रत्येक वाचनालयानं ती विकत घ्यावी, अशी विनंतीही केली. मग कालिंदीताईंनी हात वर केला, "आमच्याकडं पण असंच चालतंय की," आणि एकामागून एक प्रश्न येऊ लागले.

मित्रहो, जे ठाऊक नाही त्याच्याकडं संशयानं बघण्यापेक्षा ते विचारून घ्यावं. आणि पुस्तक जपणाऱ्यानं पुस्तक लिहिणारा माणूसही जपावा. तो टिकला नाही, तर उद्याची कपाटं कशानं भरणार?