चार लांब स्क्रू

मी एक जुनी कडी आहे मित्रांनो, एका लॉजमधल्या सात नंबरच्या खोलीच्या दाराची आतली कडी. मार खाण्यात माझी हयात गेली, तेव्हा बोलताना जरा करडी झाले तर मनावर घेऊ नका.

माझा जन्मच मारातून झाला. लोहाराने मला भट्टीत लालबुंद केले, ऐरणीवर ठेवले आणि घणाने बडव बडव बडवले. मी कळवळले, पण त्याला काही दया आली नाही. पुढे सुताराने माझ्या पट्टीला चार भोके पाडली आणि चार लांब स्क्रू दाराच्या लाकडात पार खोलवर पिळले. लॉजचे मालक शेजारीच उभे होते.

"एवढे लांब कशाला?" त्यांनी विचारले.

"कडी कितीही मजबूत असली तरी ती स्क्रूवरच उभी असते, मालक," सुतार म्हणाला. "लाथ बसली की कळतं."

त्याचे म्हणणे लवकरच खरे ठरले. दारू प्यालेला एक पाहुणा आपलीच खोली समजून माझ्या दारावर धडका देऊ लागला. आत एक आजी एकट्याच होत्या. धडका देता देता त्या गड्याचा खांदा निखळला, तो बोंबलत खाली बसला, पण मी तसूभरही हलले नाही. जाताना आजींनी मला रुमालाने पुसले आणि म्हणाल्या, "शहाणी गं माझी ती." असे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

मग रंगारी आला. त्याने मला दारावरून उपटले, दार रंगवले, आणि मला परत बसवायची वेळ आली तेव्हा माझे स्क्रू त्याला सापडेनात. त्याने डब्यातले दोन आखूड स्क्रू लावले आणि उरलेल्या दोन भोकांवरून रंगाचा एक हात फिरवला. मालकांनी लांबूनच पाहिले.

"दिसत नाही ना? मग असू दे," ते म्हणाले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! पण कडीचा संताप कोण विचारतो? त्यानंतर पाहुणे माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. मी दारावर नुसती लटकत होते, आणि हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते.

अशात एक मावशी आणि तिची बारा वर्षांची भाची सात नंबरमध्ये उतरल्या. मावशी इस्पितळात नर्स होती, त्यामुळे सगळे काम नेमाने. खोलीत पाऊल टाकताच तिने मला दोनदा सरकवून पाहिले.

"मी आंघोळीला गेले की कडी लावायची. बाहेरून कुणी काहीही सांगो, आधी खाली फोन."

"आणि आग लागली तर?"

"तर मलाही बाहेर बोलाव, शहाणे."

मावशीने सगळे पाहिले, माझे स्क्रू तेवढे पाहिले नाहीत. बाई, जरा खाली वाक, रंगाखाली बघ, असे मी मनात किती वेळा म्हटले!

आणखी एक चूक तिच्या हातून झाली. किल्ली कुणी घरी नेऊ नये म्हणून आमच्या लॉजवर ती तळहाताएवढ्या लाकडी ठोकळ्याला बांधलेली असे. ठोकळ्यावर लॉजचे नाव आणि खोलीचा नंबर ठसठशीत रंगवलेला. बाहेर जाताना ती खाली ठेवून जायची, पण मावशी बरोबर घेऊन गेली. समुद्रकिनाऱ्यावर टोपी घातलेल्या एका गोडबोल्या माणसाने दोघींचे फोटो काढून दिले आणि तोच त्यांच्याबरोबर चहाला बसला. ठोकळा टेबलावर होता, नंबर वर. "दोघीच आलात वाटतं?" त्याने विचारले आणि भाचीने हसत "हो" म्हटले. हे सारे तिनेच नंतर पोलिसांना रडत रडत सांगितले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावशी आंघोळीला गेली. भाचीने मला लावले. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली.

"गिझर बघायला आलोय. खालून पाठवलंय."

"थांबा, खाली विचारते," भाची म्हणाली आणि तिने फोन उचलला.

मग पहिली लाथ बसली.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने धरून राहिले. दुसऱ्या लाथेला एक स्क्रू सैल झाला. तिसरीला लाकूड करकरले. फोनवर मालक "हॅलो, हॅलो" करत होते आणि पोर किंचाळत होती. चार लांब स्क्रू असते तर मी तासभर दाद दिली नसती! चौथ्या लाथेला मी लाकडाचा ढलपा घेऊन उपटले गेले आणि फरशीवर आदळले.

टोपीवाला आत घुसला. त्याच्या हातात सुरा होता. त्याने पोरीच्या तोंडावर अशी चपराक मारली की ती पलंगाच्या कडेवर आपटली आणि तिचे ओठ फुटले. मावशी ओल्या केसांनी, कशीबशी कपडे गुंडाळून बाहेर धावली. त्याने सुरा उगारला आणि तिने चक्क पातेच मुठीत धरले. रक्ताची धार लागली. त्याने तिचे केस धरून डोके भिंतीवर आपटले, एकदा, दोनदा, पण तिने मूठ सोडली नाही.

पोरीने मला उचलले. दोन्ही स्क्रूंची टोके माझ्या पाठीतून बाहेर आलेली होती. तिने सगळा जोर लावून मला त्याच्या मनगटावर हाणले. टोके मांसात रुतली. तो गुरासारखा ओरडला आणि सुरा पडला. जन्मभर मार खाल्लेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा मार दिला, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

तेवढ्यात मालक आणि शेजारच्या खोलीतले दोघे आले. तिघांनी त्याला लोळवून तुडवले आणि चादरींनी करकचून बांधले. मग मालकांची नजर पोरीच्या मुठीकडे गेली. माझ्या पट्टीला चार भोके होती, आणि स्क्रू दोनच. त्यांनी रिकाम्या भोकांवरून बोट फिरवले.

"माझ्यामुळं झालं हे," ते म्हणाले.

खटला संपल्यावर पोरीने मला मागून घेतले. आता मी तिच्या प्रवासाच्या पिशवीत असते. मित्रांनो, परगावी जाल तेव्हा खोलीचा नंबर कुणाला दिसू देऊ नका, आणि बूट काढण्याआधी दाराच्या कडीकडे वाकून बघा. आमच्याकडे कुणी वाकून बघत नाही, हेच आमचे दुखणे आहे.

परवाच एका नव्या गावी आम्ही खोली घेतली. पोर दारापाशी गुडघ्यावर बसली आणि तिने नखाने रंग खरवडला.

"किती?" मावशीने विचारले.

"दोन."

आम्ही खाली आलो. तिथले मालक हसले. "अहो ताई, आमच्याकडे आजवर कधी काही झालेलं नाही."

ज्या हाताची तीन बोटे आता मिटत नाहीत, त्याच हाताने मावशीने किल्ली टेबलावर परत ठेवली, नंबर खाली करून.