शिकंज्यातली सुरी

मी एक सुरी बोलतेय. मला उचलू नका, आहे तिथंच बरी आहे. जबलपूरला श्रीरंगराव देवपुजारी यांच्या घरात ओट्याच्या टोकाला एक लोखंडी शिकंजा बसवलेला आहे. कारखान्यात काम करताना लोखंड ज्याच्या जबड्यात घट्ट धरतात, तो. त्या जबड्यात मी उभी असते. टोक वर, मूठ खाली, धार माणसाकडे. पाहुणे आधी दचकतात, मग हसतात, आणि चहा संपत आला की विचारतात, हे काय आहे? घरातले लोक दर वेळी निराळं उत्तर देतात. खरं उत्तर माझ्याकडे आहे.

मागच्या जन्मी मी कानस होते. गोहलपुरातल्या एका कारागिराकडे मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कोपरे घासले. माझे दात झिजले तेव्हा त्यानं मला भंगारात टाकलं. माणसांना निदान पेन्शन असते.

भंगारातून मला श्रीरंगरावांनी उचललं. ते तोफांच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. साल पासष्ट. सीमेवर गडबड सुरू झाली होती आणि कारखान्याचा भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला होता. गेटवर जाता-येता झडती होई. आतल्या मशीनवर घरचं काम करणारे लोक त्या दिवसांत एकदम प्रामाणिक झाले होते. श्रीरंगराव आधीपासूनच प्रामाणिक होते, त्यामुळे त्यांची पंचाईत अशी की मशीनवर घटकाभरात झालं असतं ते काम त्यांना गढा भागातल्या भाड्याच्या घरी, मागच्या ओसरीवर, हातानं करावं लागलं.

सुरी हवी होती त्यांच्या आईसाठी.

आई मागल्या दिवाळीत मोरीत घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी घेऊन चालताही येऊ लागलं, खुर्चीवर बसता येऊ लागलं. जमिनीवर मात्र बसता येईना. आणि मराठी घरातली विळी जमिनीवर असते. जन्मभर आईंच्या पायाखाली असलेली विळी सुनेच्या, हेमलताबाईंच्या पायाखाली गेली. आई खुर्चीवर बसून ती दुसऱ्या बाईच्या पायाखाली बघत राहिल्या. मला वाटतं, हाड मोडलं तेव्हाही इतकं दुखलं नसेल.

भाद्रपद जवळ आला तसा प्रश्न चिघळला. या घरात महालक्ष्म्या बसतात. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि त्या घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनंच चिरायच्या असा या घराचा नियम. कुठल्या पोथीत तो नाही. आईंच्या सासूनं केला होता, आणि तिच्या हाताखाली आईंनी इतका जाच काढला होता की तिचा नियम मोडणं त्यांच्या मनातही येत नसे.

"मीच भाजी चिरायची नाही, तर त्या माझ्याकडे काहून येतील?" आई म्हणाल्या. "दिवाकरला बोलव. मुखवटे घेऊन जा म्हणावं नागपूरला. त्याची बायको बसते मांडी घालून."

दिवाकर म्हणजे धाकटा मुलगा.

"आई, मी चिरते ना," हेमलताबाई म्हणाल्या.

"चिर की. रोजची तूच चिरून राहिली. ही नाही."

 कढी उतू चालली होती ती हेमलताबाईंनी उतू जाऊ दिली. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा पहिलं काम त्यांना मिळालं ते महालक्ष्म्यांना साडी नेसवायचं. आता मुखवटे गेले की देवघराशेजारचा तो कोपरा रिकामा राहणार, आणि साऱ्या गोतात सांगितलं जाणार की हेमलतेच्या कारकिर्दीत गेले.

म्हणून सुरी. खुर्चीवर बसून, टेबलावर चिरता येईल अशी.

श्रीरंगरावांनी मला शेगडीत लाल केलं आणि राखेत पुरून ठेवलं. माझा कडकपणा गेला. मग मला त्याच शिकंज्यात, तेव्हा तो ओसरीवरच्या टेबलाला बसवलेला होता, धरून नव्या कानशीनं घासायला सुरुवात केली. जातबहिणीकडून घासून घेण्यात काय वाटतं ते मी सांगत बसत नाही. नोकरदार माणसांना ते सांगावं लागत नाही.

आकार लवकर आला. खरी गंमत ढाळाची. सुरीचं पातं पाठीला जाड असतं आणि धारेला पातळ, मधली जी उतरण तो ढाळ. हा ढाळ पार मुठीपर्यंत न्यायचा नसतो. मुठीच्या अलीकडे दोन बोटं पोलाद सपाट सोडायचं. सपाट संपून ढाळ सुरू होतो तिथं एक रेघ पडते. श्रीरंगराव तिला खांदा म्हणत. पात्याला दोन बाजू, म्हणून दोन खांदे, आणि ते अगदी समोरासमोर यायला हवेत. कानशीला अडवायला तिथं लोखंडाची पट्टी बांधतात म्हणजे ती रेघेपुढे जात नाही. श्रीरंगरावांनी बांधली नाही. इतकी वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला घरी पट्टी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. डोळ्यानं होतं.

उजवी बाजू छान झाली. मग मला उलटी धरली. आता हात उलट्या दिशेनं चालवायचा होता. कानस घसरली आणि डावा खांदा तांदळाच्या दाण्याएवढा मुठीकडे सरकला. झालं. डाव्याला गाठायला त्यांनी उजवा मागे नेला, तो जरा जास्त गेला. मग डावा. मग पुन्हा उजवा. असंच चाललं असतं तर माझी नुसती मूठ उरली असती.

शेजारचे भय्यासाहेब हे सगळं आपल्या अंगणातल्या ओट्यावर बसून बघत असत. रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे दुसऱ्याचं काम बघायची जुनी सवय.

"काय श्रीरंगराव, तिकडे तोफा करता म्हणे, आणि इकडे सुरी होईना?"

"तोफेला मशीन आहे, भय्यासाहेब. सुरीला मी एकटाच आहे."

"आमच्या ऑफिसात एक चूक झाली की दुसरी करून बरोबर करायचो. तुमचं तसंच चाललंय. चलो, चांगलं आहे."

हे ऐकून श्रीरंगरावांनी कानस खाली ठेवली. त्या वेळी डावा खांदा दाणाभर मागेच होता. "कोण बघतंय," ते पुटपुटले. भोंगा झाला होता. ते शर्ट घालून कामावर गेले.

पुढच्या सुट्टीला त्यांनी मला पुन्हा लाल करून तेलात बुडवलं आणि मी परत कडक झाले. ते तेल तळणाचं होतं. हेमलताबाईंनी डबा उघडून आत काळं बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि झाकण लावलं. मग माझा ठिसूळपणा जावा म्हणून मला पोळीच्या तव्यावर रेती घालून पिवळसर रंग येईस्तोवर भाजलं. शिसवी मूठ बसवली. वापरायला काढण्याआधी आईंनी माझ्यावर नर्मदेचं पाणी शिंपडलं, कारण भंगारात मी कोणाकोणाच्या शेजारी पडले होते कोण जाणे. नर्मदेचं पाणी माणसांची पापं धुतं. मला मात्र तासाभरात गंज चढला.

आणि एवढं होऊन मी नापास झाले.

टेबलावर पाट ठेवला. आईंनी मला हातात घेतलं आणि काकडीवर दाबलं. काकडी गडगडत खाली गेली. दोडका घेतला, तर तुकडा एक बोटाएवढा आणि एक कागदासारखा. तिसऱ्या वेळी त्यांचं बोट थोडक्यात वाचलं. त्यांनी मला खाली ठेवलं.

"श्रीरंगा, माझ्या हयातीत पातं एका जागी गप्प बसलं आणि मी भाजी सरकवली. आता या वयात मी पातं नाचवू?"

"आई, सवय होईल."

"मला सवय होईस्तोवर दिवाळी येईल. दिवाकरला तार कर."

तार गेली. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी येतो, असं दिवाकरचं उत्तर आलं. हेमलताबाईंनी मुखवटे काढून चिंचेनं घासले, लाल कापडात गुंडाळले आणि टिनाच्या पेटीत ठेवले. पेटीला कुलूप मात्र लावलं नाही.

तो आदला दिवस उजाडला. श्रीरंगरावांना डबल ड्यूटी लागली होती, ते पहाटेच गेले होते. दिवाकरची गाडी फौजेच्या गाड्यांपायी कुठंतरी अडकून पडली होती. मी ओसरीवर टेबलावर पडून होते, शिकंज्याच्या शेजारी.

आई काठी टेकत ओसरीवर आल्या. मला बघितलं, शिकंज्याला बघितलं. मग काठी भिंतीला लावली, शिकंज्याचा दांडा फिरवून जबडा उघडला, मला त्या दोन बोटं सपाट जागेत धरून उभं केलं, धार आपल्याकडे, आणि दांडा आवळला. स्टूल ओढून बसल्या. कमरेएवढ्या उंचीवर एक विळी तयार झाली होती.

त्यांनी दोडका दोन्ही हातांत धरून माझ्यावर ढकलला. हात पूर्वीसारखे चालले, मी बघितलं. पण मी डावीकडे झुकले. आणखी आवळलं तर आणखी झुकले. डावीकडे ढाळ आधीच सुरू होत होता, त्यामुळे तिथं जबड्याला धरायला सपाट पोलाद पुरेना. दाण्याएवढी चूक कोणी बघणार नव्हतं ना? शिकंज्यानं बघितली.

"मेल्यानं वाकडी केली," आई म्हणाल्या.  हाताशी आलेली गोष्ट निसटत होती.

हेमलताबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, मला माहीत नाही. त्या आल्या आणि जबडा सैल करून त्यांनी मला बाहेर काढलं. दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवला.

"आई, इकडं जास्त खाल्लंय. तिकडं पण तेवढंच खायला पाहिजे."

"मग खा की. बघून काय राहिली?"

श्रीरंगरावांचा धार लावायचा दगड फळीवर होता. हेमलताबाईंनी त्यावर पाणी टाकलं आणि दगडाची कड माझ्या उजव्या खांद्यावर घासायला घेतली. कडक झालेलं पोलाद लवकर झिजत नाही. आई शेजारी बसून सांगत होत्या.

"अजून. वर नको जाऊ, वर नको. हं, इथं."

"हात भरून आले, आई."

"पुरण वाटताना नाही भरून येत?"

"तेव्हा पण येतात. तुम्ही विचारत नाही."

आईंनी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "दे इकडे." आणि थोडा वेळ त्यांनी घासलं. हाड मोडल्यापासून या दोघी एका कामावर बसल्या नव्हत्या. आळीपाळीनं घासत त्यांनी दुपार घालवली. स्वयंपाक राहिला. त्या दिवशी घरात कोणी जेवलं की नाही, मला आठवत नाही.

शेवटी मला परत शिकंज्यात लावलं. मी सरळ उभी राहिले. आईंनी दोडका ढकलला, मग तांबडा भोपळा, मग भेंडी. भय्यासाहेब कुंपणावरून डोकावले.

"वहिनी, ही कोणती मशीन?"

"कारखान्यातून आणलेली नाही, भय्यासाहेब. घरचीच आहे. झडती घ्यायची असेल तर या," हेमलताबाई म्हणाल्या.

दिवाकर पोचला तेव्हा आई स्टुलावर बसून शेवटच्या भाज्या चिरत होत्या. बाजारात सोळा मिळाल्या नव्हत्या. कोथिंबीर आणि मिरची धरून आकडा भरला होता, दर वर्षी भरतात तसाच. दिवाकरनं टिनाच्या पेटीकडे बघितलं. पेटी उघडी होती आणि रिकामी होती. मुखवटे कोपऱ्यात गेले होते.

"मग मला काहून बोलावलं?"

"जेवायला," आई म्हणाल्या. "सणाला यायचं नाही का?"

श्रीरंगराव दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवरून आले. डोळे लाल, हातपाय गळून गेलेले. त्यांनी मला शिकंज्यात उभी बघितली, भाज्यांची परात बघितली, माझ्या दोन्ही खांद्यांवरून अंगठा फिरवला. मग हसले.

"बघितलंस? म्हटलं होतं ना, डोळ्यानं होतं."

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं. मग हेमलताबाईंनी धारेचा दगड उचलून फळीवर ठेवला.

आईंनी त्यानंतर दर वर्षी भाज्या माझ्यावर चिरल्या. एकाहत्तरच्या भाद्रपदातही चिरल्या. त्या हिवाळ्यात, दुसरं युद्ध संपून खिडक्यांवरचे काळे कागद निघाले त्याच सुमारास, त्या गेल्या. पुढच्या भाद्रपदात घरातली मोठी बाई हेमलताबाई झाल्या. त्यांना तेव्हा जमिनीवर उत्तम बसता येत होतं. तरी त्या विळी सोडून ओसरीवर आल्या आणि मला शिकंज्यात लावलं.

श्रीरंगराव निवृत्त झाले, गढ्याचं भाड्याचं घर सुटलं. नव्या घरात सामान हलवताना दिवाकरनं मुखवट्यांचा विषय पुन्हा काढला. आता ओसरी नाही, जागा कमी, वगैरे. हेमलताबाई म्हणाल्या, "आधी शिकंजा कुठं बसतो ते बघू. तो बसला की महालक्ष्म्या बसल्या." मिस्त्री ओट्याच्या दगडाला भोकं पाडायला तयार नव्हता. "दीदी, पत्थर फट जाएगा," म्हणून त्यानं हात वर केले. त्यानं चार वेळा नाही म्हटलं, त्यांनी चार वेळा चहा दिला. दगड फुटला नाही.

आता मी पातळ झाले आहे. दगडावर घासून घासून धार पाठीकडे सरकली आहे. सूनबाई ज्योती जवळच्या सिहोऱ्याची, तिला घरातली मराठी समजते पण बोलताना ती हिंदीत घसरते. मागल्या आठवड्यात ती म्हणाली, "मम्मी, इसको हटा दें क्या? मिक्सर ठेवायला जागा होईल."

हेमलताबाईंचे गुडघे गेले आहेत. त्या ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी एक दोडका तिच्या हातात दिला. "आधी यावर ढकलून बघ. पातं नको हलवू. दोडका हलव."

ज्योतीनं ढकलला. तुकडे सारखे पडले. तिनं अजून निर्णय दिलेला नाही.

माझी विनंती तिलाच आहे. मिक्सर येऊ दे, माझं काही म्हणणं नाही. भाद्रपदात तीन दिवस मला उभी कर आणि धार आपल्याकडे ठेव. वापरून झालं की पुसून तेलाचा हात फिरव, नर्मदेचं पाणी नको. आवळण्याआधी दोन्ही खांद्यांवरून अंगठा फिरवून बघ. समोरासमोर आहेत. ते तसे कोणी केले, हे आता तुला कळलं आहे. श्रीरंगराव पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेत. त्यांना सांगू नकोस.