उसनी मैना

विनोदिनीनं अंगठा पदराला पुसला आणि फोनमधल्या धनेश पक्ष्याच्या पत्त्यावर टेकवला. पत्ता गर्रकन फिरला, त्याची मळकट निळी किनार सोनेरी झाली आणि पक्ष्याच्या चोचीत एक लाल फळ आलं. जुना धनेश तिला जास्त आवडायचा. पण तिला विचारतो कोण?

पक्ष्यांच्या पत्त्यांचा हा खेळ गेल्या आठवड्यात बदलला होता. जुना पत्ता दाबून नवा करून घ्यायचा. आज, रविवारी रात्री बाराच्या आत केला नाही, तर तो बाद. खेळ बनवणाऱ्यांना कुठेतरी बसून सुचलेलं शहाणपण, आणि निस्तरायचं हिंदी मुलखातल्या तात्यापाऱ्यात एकसष्ट वर्षांच्या बाईनं. सकाळपासून तिनं सतरा पक्षी नवे केले होते.

"झाले का तुझे कावळे-चिमण्या?" श्रीपादरावांनी पेपरमागून विचारलं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती आणि पेपर वाचायला त्यांना अख्खा दिवस पुरत नसे.

"एक राहिला."

"मग कर ना. काहून थांबून राहिली?"

राहिली होती ती पहाडी मैना. तिच्याखालचं बटण करड्या रंगाचं होतं आणि वर हिंदीत लिहून आलं होतं: यह पत्ता मंजिरी का है। आज लौटाइए, वरना दोनों के पास से हट जाएगा।

मंजिरी म्हणजे तिची धाकटी जाऊ. राहायला पंडरीजवळ, ऑटोनं पंधरा मिनिटं. लॉकडाऊनमध्ये दोघी मिळून हा खेळ शिकल्या. रोज दुपारी तीन वाजता आपापल्या घरून डाव मांडायच्या आणि फोन कानाला लावून एकमेकींना शिव्या घालायच्या. दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी मंजिरीनं ही मैना पाठवली होती, "आजच्या डावापुरती घ्या" म्हणून. त्याच दिवशी घरपोच एक स्टीलचा डबाही आला होता. त्यात अनारशाचं पीठ होतं. अनारशाचं पीठ मंजिरीचं आणि तळणं विनोदिनीचं, असं वीस वर्षं चाललेलं.

त्या वर्षी अनारसे हसले. कढईत टाकला की तुपात विरघळून जाळी मोकळी. जेवायला आलेल्या पंधरा बायकांसमोर मंजिरी म्हणाली, "वहिनी, आता नाही होत तुमच्यानं. पुढल्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडेच बसवू."

"पीठ कोणाचं होतं?" विनोदिनीनं विचारलं.

बस, एवढंच. पुढल्या वर्षी महालक्ष्म्या खरंच पंडरीला बसल्या आणि विनोदिनीनं गुडघा पुढे केला. श्रीपादराव एकटे जाऊन जेवून आले. तिकडचं काही सांगायचं नाही, अशी तिनं त्यांना ताकीद दिली होती आणि त्यांनी ती पाळली. नवऱ्यानं नेमका हाच एक हुकूम इतका मनावर घ्यावा, याचा तिला मधूनमधून राग यायचा.

डबा राहिला तो राहिलाच. झाकणावर मंजिरीचं नाव कोरलेला, फळीवर सगळ्यात वरती. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान चार दाणे साखरेचे तरी टाकायचे, ही तिला लहानपणापासूनची शिकवण. रिकामा पाठवता येत नव्हता, आणि भरून पाठवायचं म्हटलं की पंधरा बायका डोळ्यांसमोर उभ्या राहायच्या. मैनेचंही तेच झालं. दोन वर्षांत तिनं ती एकदाही डावात उतरवली नाही, पण परतही केली नाही.

मात्र रोज तीन वाजता ती खेळ उघडायची. मंजिरीच्या नावापुढे ती खेळात आल्याचा हिरवा ठिपका लागायचा, दोन-तीन मिनिटं राहायचा आणि विझायचा. एवढं पाहिलं की विनोदिनी फोन बाजूला ठेवून चहाचं आधण ठेवायला उठायची. आता मैना परत गेली, म्हणजे तो ठिपका पाहायला तिला काही निमित्त उरणार नव्हतं, आणि ही गोष्ट तिला सकाळपासून टोचत होती.

तीनला दोन मिनिटं असताना तिनं 'लौटाइए' दाबलं. खेळानं विचारलं, सोबत काही भेट जोडायची का? तिनं नुकताच नवा केलेला नीलकंठ जोडला. तिच्याजवळचा तोच सगळ्यात चांगला होता. मैना रिकाम्या हातानं गेली असं कुणाला म्हणता यायला नको. पत्ता उडून गेला आणि ती जागा मोकळी राहिली.

तीन वाजले. हिरवा ठिपका लागला. तो विझला नाही. थोड्या वेळानं निरोप आला.

"नमस्ते जी। नीलकंठ गलती से आया क्या?"

विनोदिनीनं चष्मा वर सरकवला. मंजिरी तिच्याशी 'जी' लावून हिंदीत बोलेल, हे या जन्मात शक्य नव्हतं. तिनं एकेक अक्षर शोधून लिहिलं, "आप कौन?"

"मैं पायल। ऊपर किराए से रहती हूँ, स्कूल में पढ़ाती हूँ। आंटी को ठंड के दिनों से ठीक से दिखता नहीं। तीन बजे आँख में दवा डालने आती हूँ, तब फ़ोन खुलवाती हैं।"

आणि लगेच दुसरा.

"खेलती नहीं हैं। बस पूछती हैं, वहिनी की हरी बत्ती जली क्या। मैं हव बोलती हूँ तो कहती हैं, बंद कर दे।"

विनोदिनीनं फोन मांडीवर उपडा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला. तिला रडू येत होतं आणि त्याचा संतापही येत होता.

"मैना मिली, यह आंटी को बताया," पायलनं लिहिलं होतं. "गुस्सा हो रही हैं। मराठी में कह रही हैं, मी मागितली होती का?"

"अहो," विनोदिनीनं हाक मारली. "मंजिरीले दिसत नाही?"

पेपर खाली आला. "फार कमी दिसते. एक ऑपरेशन झालं, दुसरं बाकी आहे."

"अन् तुम्ही मले सांगितलं नाही?"

"तूच म्हणाली होती, त्या घरचं काही सांगू नका." श्रीपादरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "ती मात्र दर वेळी तुझा गुडघा विचारते."

विनोदिनी उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्टूल ओढलं, गुडघ्याची पर्वा न करता त्यावर चढली आणि डबा खाली काढला. धुतला, पुसून कोरडा केला. साखरेची बरणी ओट्यावरच होती. तिनं झाकण उघडलं, जरा वेळ आत पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं. मग साडी बदलून, डबा पिशवीत घालून ती बाहेर आली.

"ऑटो बोलवा. पंडरीले जाते."

श्रीपादरावांनी पिशवी हातात घेतली आणि ती हलकी लागली म्हणून झाकण उचलून पाहिलं.

"अवं, रिकामाच नेऊन राहिली?"

"हव." तिनं पायात चपला सरकवल्या. "महालक्ष्म्या पंधरा दिवसांवर आल्या. तिले पीठ मागायचं आहे."